आवेतली अँटीबॉडी: अमीबा, आतड्याचं अस्तर आणि आयजीए यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये संडासाचे नमुने रोज येतात आणि रिपोर्ट घ्यायला येणारी माणसं खिडकीत उभी राहून प्रश्न विचारतात. उरलेले प्रश्न रात्री व्हॉट्सॲपवर येतात. कोविडनंतर ‘अँटीबॉडी’ हा शब्द घराघरांत पोचल्यामुळे प्रश्नांचा रोखही बदलला आहे. पूर्वी लोक ‘कोणती गोळी घेऊ?’ विचारायचे, आता ‘अँटीबॉडी वाढवायला काय खाऊ?’ विचारतात. आव पाडणारा अमीबा नावाचा एकपेशीय जीव आणि त्याला आतड्यात अडवणारी आयजीए नावाची अँटीबॉडी, यांबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. गोळ्यांचे डोस इथे मिळणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

१. आव पडते म्हणजे नेमकं काय पडतं?

बुळबुळीत, शेंबडासारखा जो पदार्थ दिसतो तो आतड्याच्या अस्तराचा चिकट स्राव असतो, म्हणजे म्यूकस. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यातही तो असतोच. अस्तरातल्या खास पेशी तो सतत तयार करतात आणि आतल्या बाजूने त्याचा लेप बसलेला असतो. जंतू आणि आपल्या पेशी यांच्यामधली ही पहिली भिंत. अमीबाने ती कुरतडायला घेतली की पेशी घाबरल्यासारखा भराभर स्राव ओततात, मेलेल्या पेशी आणि रक्त त्यात मिसळतं, आणि आपण म्हणतो आव पडली.

म्हणजे मराठीत आपण रोगाला जे नाव दिलंय ते खरं तर ढासळलेल्या तटबंदीचं नाव आहे. मला हे फार गमतीचं वाटतं, कारण ज्या अँटीबॉडीबद्दल ही सगळी प्रश्नोत्तरं आहेत, ती याच बुळबुळीत लेपात राहते.

एक सावधगिरी: आव पडली म्हणजे अमीबाच, असं नाही. शिगेला नावाच्या जिवाणूमुळेही आव-रक्त पडतं, आणि त्यात ताप बऱ्याचदा जास्त असतो.

२. हा अमीबा पोटात जातो कसा?

माणसाच्या विष्ठेतून माणसाच्या तोंडात. ऐकायला वाईट वाटतं, पण मार्ग तोच आहे. पाणी, न धुतलेली कोथिंबीर, माशी, किंवा संडासहून येऊन साबण न लावता मळलेली कणीक.

रोग करणाऱ्या जातीचं नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. तिची दोन रूपं असतात. एक सिस्ट, म्हणजे कवचातली गोल गोळी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जराशी मोठी. ती बाहेर ओलाव्यात बरेच दिवस टिकते आणि जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही. लहान आतड्यात कवच फुटतं आणि दुसरं, हिंडतं-फिरतं रूप बाहेर पडून मोठ्या आतड्यात मुक्काम करतं. ताज्या नमुन्याचा थेंब काचेवर घेऊन बघितला तर ते दिसतं: काचेसारखं पारदर्शक बोट एकदम पुढे सरकतं, मागचं अंग त्यात ओतलं जातं, आणि पोटात गिळलेल्या तांबड्या रक्तपेशी दिसल्या की शंका उरत नाही.

सेंट पीटर्सबर्गच्या फ्योदोर ल्योश यांनी १८७५ मध्ये एका आजारी शेतकऱ्याच्या विष्ठेत हा जीव पाहिला. १९०३ मध्ये शाउडिन यांनी ‘हिस्टोलिटिका’ नाव दिलं, अर्थ ऊती विरघळवणारा. नाव अगदीच चुकीचं नाही, पण २०१४ मध्ये असं दिसून आलं की तो जिवंत पेशीचे लचके तोडून खातो आणि त्यातून ती पेशी मरते.

३. रिपोर्टमध्ये सिस्ट आल्या आहेत, पण मला काहीच त्रास नाही. असं कसं?

दोन शक्यता. पहिली म्हणजे सिस्ट हिस्टोलिटिकाच्या नाहीतच. एन्टामिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊ आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या दिसतात. फ्रान्सच्या ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्येच सांगितलं होतं की या दोन जाती आहेत. बहुतेकांनी ऐकलं नाही. १९९३ मध्ये ते सर्वमान्य झालं. या मधल्या काळात कितीजणांनी विनाकारण गोळ्या खाल्ल्या असतील, कोण जाणे. फरक ओळखायला विष्ठेतली अँटिजेन चाचणी (जंतूचं प्रथिन शोधणारी) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी) लागते.

दुसरी शक्यता, हिस्टोलिटिकाच आहे पण आतड्याच्या पोकळीत गप्प बसलाय. लागण झालेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांना त्रास होत नाही. तो का होत नाही, याच्या उत्तराचा एक भाग पुढच्या तीन प्रश्नांत आहे. मात्र हिस्टोलिटिका नक्की असेल तर त्रास नसतानाही उपचार करतात, कारण तो पुढे बिघडू शकतो आणि घरातल्यांना लागू शकतो.

४. अँटीबॉडी तर रक्तात असतात ना? मग आतड्यात कुठून आल्या?

रक्तात जास्त करून आयजीजी नावाचा प्रकार असतो. अस्तरावर, म्हणजे आतडं, नाक, डोळे, तोंड, आईचं दूध इथे राज्य आयजीएचं. आणि प्रमाणाचं म्हणाल तर शरीर रोज सर्वांत जास्त जी अँटीबॉडी बनवतं ती आयजीएच, प्रौढ माणसात दिवसाला काही ग्रॅम. त्यातली बरीचशी आपण संडासात टाकून देतो.

ती तयार होते आतड्याच्या भिंतीतच. लहान आतड्याच्या भिंतीत लसिकापेशींचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, छोटे पुंजके असतात. ते पोकळीतल्या जंतूंची चव घेत असतात. ओळख पटली की तिथल्या पेशी रक्तातून फेरी मारून परत अस्तराखाली येऊन बसतात आणि आयजीए सोडू लागतात. दोन-दोन रेणू शेपटीला शेपूट जोडून बाहेर पडतात. अस्तराची पेशी त्या जोडीला एका बाजूने पकडते, आतून वाहून नेते आणि दुसऱ्या बाजूला पोकळीत सोडते. सोडताना स्वतःचा एक तुकडा तिच्याभोवती गुंडाळून देते. या गुंडाळीमुळे पाचक रसात ती लवकर विरघळत नाही, आणि म्यूकसमध्ये रुतून राहते. रक्तातलं साधं आयजीजी तिथे फार टिकलं नसतं.

५. मग ही अँटीबॉडी अमीबाला मारते का?

नाही, तिचं काम त्याला चिकटू न देण्याचं आहे. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

बांधावरून चालताना आघाड्याच्या बिया धोतराला, साडीला कशा लागतात ते आठवा. बी जड नसते, विषारी नसते. तिचे आकडे सगळं काम करतात. अमीबाच्या अंगावरही असा आकडा असतो. त्याला लेक्टिन म्हणतात. गॅलॅक्टोज आणि तिच्या जवळच्या एका साखरेला हा आकडा घट्ट धरतो. आपल्या पेशींवर या साखरा असतात, म्हणून तो पेशीला चिकटतो. आणि चिकटल्याशिवाय त्याला पेशी मारता येत नाही. प्रयोगशाळेत गॅलॅक्टोज ओतून आकडे अडवले की पेशी वाचतात.

म्यूकसमध्येही याच साखरा ठासून भरलेल्या असतात. त्यामुळे अमीबा आधी म्यूकसलाच अडकतो. हा पहिला चकवा. आयजीए ही दुसरी फळी: ती थेट आकड्याच्या टोकावर बसते. मग अमीबा पोकळीत नुसता तरंगतो आणि आतड्याच्या हालचालीबरोबर बाहेर पडतो. जिवंत, पण बिनकामाचा.

म्हणून कुठलीही आयजीए चालत नाही. आकड्याच्या नेमक्या भागाविरुद्धची हवी.

६. याला पुरावा काय? का हे सगळं प्रयोगशाळेतलं?

सगळ्यात चांगला पुरावा ढाक्याच्या मीरपूर वस्तीतला. रशिदुल हक आणि विल्यम पेट्री या संशोधकांच्या गटाने तिथल्या लहान मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्या मुलांच्या विष्ठेत लेक्टिनच्या आकड्याविरुद्ध आयजीए होती त्यांना वर्षभरात नवी लागण ८६ टक्के कमी झाली. आणि ज्यांच्या रक्तात लेक्टिनविरुद्ध आयजीजी होतं त्यांना संरक्षण तर नव्हतंच, उलट लागण जास्त दिसली.

दोन वाक्यं, पण त्यातून अख्खं चित्र बदलतं. रक्तातली अँटीबॉडी ही झालेल्या चोरीची फिर्याद आहे, आणि अस्तरावरची म्हणजे दाराची कडी.

अर्थात आयजीए एकटी नाही. ज्या मुलांच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेश जास्त सोडत, त्यांनाही आजार कमी झाला. कुपोषित मुलांना जास्त झाला.

७. रक्ताची अमीबाची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे मी आता सुरक्षित?

नाही. कारण वर ६ मध्ये आहे. ही टेस्ट आयजीजी मोजते आणि ते बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतं. त्यामुळे आपल्या भागात नुसत्या पॉझिटिव्हवरून ‘आत्ता आजार आहे’ असंही म्हणता येत नाही. यकृतात गळू असल्याचा संशय असेल तेव्हा मात्र ही टेस्ट फार उपयोगी पडते (१२ पहा).

८. एकदा आव होऊन गेली की परत होत नाही, असं आजी म्हणते.

आजीचं निम्मं खरं. लागणीनंतर अस्तरावर आयजीए वाढते आणि ती असेपर्यंत बऱ्यापैकी आडोसा मिळतो. पण ती ओसरते. गोवरासारखं जन्मभराचं संरक्षण अमीबात नाही. मीरपूरच्या मुलांनाही पुन्हा पुन्हा लागण झाली.

अजून एक घोळ असतो. ‘परत झाली’ म्हणणाऱ्यांपैकी काहींची पहिलीच गेलेली नसते. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल ऊतींत घुसलेल्या अमीबाला मारतं, पण पोकळीतल्या सिस्टवर त्याचा भरवसा नाही. म्हणून त्यानंतर डायलोक्झॅनाइड किंवा पॅरोमोमायसिनसारखं पोकळीतलं औषध देतात. मुरडा थांबला की लोक दुसरी चिठ्ठी दुकानात दाखवतच नाहीत. खिडकीतून आम्हाला हे वरचेवर दिसतं.

९. दरवर्षी वारीला जातो. लोणंद, तरडगाव, फलटण, मिळेल तिथलं पाणी पितो, काही होत नाही. मुंबईचा नातू मात्र दोन दिवसांत झोपला. माझ्या अँटीबॉडी तयार झाल्यात ना?

काही प्रमाणात असू शकतं, माउली. पुन्हा पुन्हा संपर्क आल्याने अस्तर ओळखीच्या जंतूंविरुद्ध आयजीए राखून असतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. नातवाचे जुलाब अमीबाचेच होते, हे कशावरून? दोन दिवसांत झोपवणारे बहुतेक जंतू दुसरे असतात. अमीबा सहसा हळूहळू, आठवड्यांनी डोकं वर काढतो. दुसरं असं की तुम्हाला काही होत नाही याचा अर्थ तुमच्या पोटात काही नाही असा नव्हे. तुम्ही नुसते वाहक असू शकता, आणि दिंडीत भाकरी तुमच्याच हातची असेल तर प्रश्न तुमच्या पोटाचा राहत नाही.

१०. आईच्या दुधातून ही अँटीबॉडी बाळाला मिळते का? आईलाच आव झाली असेल तर?

मिळते, आणि यात सगळ्यात सुंदर भाग असा की ती आईच्या आतड्याची शिकवण घेऊन येते. आईच्या आतड्यात जंतू ओळखायला शिकलेल्या पेशी स्तनात जाऊन बसतात आणि तिथे आयजीए सोडतात. म्हणजे ज्या घरात, ज्या पाण्यावर बाळ वाढणार आहे, तिथल्याच जंतूंविरुद्धची रसद. पहिल्या दिवसांच्या पिवळसर दाट चिकात ती सर्वांत जास्त असते. तो चीक ‘जड पडतो’ म्हणून पिळून टाकणारी घरं आजही आहेत. कृपा करून टाकू नका.

बांगलादेशातच असं आढळलं की ज्या आयांच्या दुधात अमीबाविरुद्ध आयजीए होती त्यांच्या तान्ह्या बाळांना लागण कमी झाली. दूध सुटल्यावर ही रसद थांबते.

आईला आव झाली तरी दूध पाजणं थांबवायचं कारण नाही. अमीबा दुधातून जात नाही, हातातून जातो. साबणाने हात धुवा. औषध सुरू असेल तर डॉक्टरांना ‘मी अंगावर पाजते’ हे सांगा, कारण मेट्रोनिडॅझोल दुधात उतरतं.

११. मग गाईचा चीक? खरवस खाल्ला तर?

खा, पण अँटीबॉडीसाठी नको. वासराला आईच्या पोटात असताना अँटीबॉडी मिळत नाहीत, म्हणून गाईच्या चिकात त्या भरपूर असतात. पण त्या प्रामुख्याने आयजीजी जातीच्या, आणि गाईच्या जंतूंविरुद्धच्या. शिवाय खरवस विरजणाशिवाय जमतो तो कशामुळे? कुकरमधल्या वाफेने हीच प्रथिनं गोठतात म्हणून. वेलची-जायफळ घातलेली ती थरथरणारी वडी म्हणजे बऱ्याच अंशी उकडलेल्या अँटीबॉडीच. चवीला उत्तम, आकडे अडवायला निरुपयोगी.

१२. भावाला यकृतात गळू झालं. त्याच्या आतड्यात अँटीबॉडी नव्हत्या का?

असतील किंवा नसतील, पण अमीबा एकदा अस्तर फोडून रक्तातून यकृतात गेला की आयजीएचा पहारा मागे पडतो. तिथे रक्तात आयजीजी खच्चून असतं, तरी गळू वाढतं; हाच तो फिर्याद आणि कडीचा फरक. हे गळू मुलांपेक्षा आणि बायकांपेक्षा तरुण व मध्यमवयीन पुरुषांत कितीतरी जास्त होतं. दारू पिणाऱ्यांत आपल्याकडे वारंवार दिसतं. विष्ठेत तेव्हा अमीबा सापडतोच असं नाही, म्हणून ‘संडासाचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, खांद्यात कळ, असं असेल तर सोनोग्राफी.

१३. एवढा बंदोबस्त असून अमीबा जिंकतो कसा?

तोही बनेल आहे. तो कात्रीसारखी विकरं (एन्झाइम) सोडतो, त्यांनी म्यूकसचे धागे कापले जातात आणि आयजीए-आयजीजीचेही तुकडे पडतात. अंगावर अँटीबॉडी बसल्याच तर तो त्या सरकवत सरकवत शेपटीकडे गोळा करतो आणि ते गाठोडं झटकून पुढे जातो. आघाड्याच्या बिया झटकाव्यात तसंच, फक्त इथे झटकणारी खुद्द बी आहे. शेवटी हिशेब प्रमाणाचा: किती अमीबा आले, आयजीए किती, म्यूकस किती शाबूत.

१४. हळद, ताक, कुड्याची साल, प्रोटीन पावडर यांतलं काय घेतलं की आयजीए वाढेल?

हळदीच्या पेठेच्या गावाशेजारी बसून हे लिहायचं म्हणजे जरा धाडसच, पण अमीबाविरुद्धची आयजीए वाढवणारा कुठलाही पदार्थ सिद्ध झालेला नाही. ती ओळखीतून तयार होते, खुराकातून नाही. ताक प्या, पोटाला बरं वाटतं. कुड्याची साल आमांशावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण तिचा अँटीबॉडीशी संबंध नाही, आणि रक्त पडत असताना तिच्यावर विसंबून आठवडा घालवू नका.

एक गोष्ट मात्र खरी: कुपोषण आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता यांनी अस्तराची आयजीए व्यवस्था कमकुवत होते. म्हणून अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. बाजारातल्या कुठल्याही डब्यापेक्षा तो मोलाचा.

१५. लस का नाही?

प्रयत्न चालू आहेत आणि बरेचसे याच लेक्टिनवर आहेत. माणसांसाठी मान्य झालेली लस अजून नाही. अडचण जागेची आहे. दंडात सुई टोचली की रक्तातलं आयजीजी वाढतं, आतड्यातली आयजीए फारशी नाही. पोलिओत आपण हे अनुभवलंय: तोंडावाटे दिलेल्या थेंबांनी आतड्यातच अडथळा तयार होतो, इंजेक्शनने तो तितका होत नाही. म्हणून अमीबाची लस नाकातून किंवा तोंडातून द्यायचा विचार होतोय. प्राण्यांत आशादायक निकाल आहेत.

१६. माझ्या मुलीला आयजीए कमी असल्याचं निदान झालंय. तिला अमीबा जास्त त्रास देईल का?

जन्मतः आयजीए नसणं हे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांतलं सर्वांत जास्त आढळणारं. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना कधी पत्ताही लागत नाही, कारण आयजीएच्या जागी आयजीएम नावाचा अँटीबॉडीचा दुसरा प्रकार अस्तरावर धावून येतो. अशा लोकांत जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या दुसऱ्या एकपेशीय परजीवीचे चिवट जुलाब जास्त होतात हे पक्कं माहीत आहे. पाणी उकळून द्या, जुलाब लांबले तर नमुना लगेच तपासा. आणि रक्त चढवायची वेळ आली तर निदानाचा कागद आधी पुढे करा. काहींना रक्तातल्या आयजीएची तीव्र ॲलर्जी येते.

१७. डॉक्टर म्हणतात अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे, स्टेरॉइड सुरू करू. आधी अमीबा तपासावा का?

होय, विचारा. दोन्हींत आव-रक्त पडतं आणि दुर्बिणीतून व्रणही फसवे दिसू शकतात. स्टेरॉइडने शरीराचा पहारा ढिला पडतो आणि लपलेला अमीबा आतडं फाडण्यापर्यंत मजल मारू शकतो. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

१८. कृष्णेत पोहताना नाकातून मेंदूत जाणारा अमीबा तो हाच का?

नाही. तो नेग्लेरिया फाउलेरी. केरळातल्या बातम्यांमुळे हा प्रश्न वाढलाय. तो कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात राहतो, पाणी पिऊन होत नाही, नाकात पाणी जोरात शिरलं तरच. नाकाच्या अस्तरावरही आयजीए असते. निरोगी माणसांच्या लाळेत आणि नाकाच्या स्रावात नेग्लेरियाविरुद्ध आयजीए सापडली आहे, उंदरांना नाकातून लसीकरण केल्यावर ते वाचलेही. इतके लोक पोहतात आणि आजार इतका दुर्मीळ, यात तिचा वाटा असावा असं मानतात. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं, नळाचं नको.

तिसरा भाऊ अकँथअमीबा, डोळ्यातला. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना बुबुळाचा चिवट संसर्ग करतो. अशा रुग्णांच्या अश्रूंत त्याच्याविरुद्धची आयजीए कमी आढळली आहे.

१९. पूर आला की पाण्यात तुरटी फिरवतो, क्लोरीनचे थेंबही टाकतो. पुरेसं आहे का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा हा प्रश्न दिवसाला वीसदा आला. तुरटी गाळ खाली बसवते, त्याबरोबर काही सिस्टही बसतात, सगळ्या नाही. क्लोरीन जिवाणूंवर चांगलं, पण अमीबाची सिस्ट नेहमीच्या मात्रेला बधत नाही. उकळी फुटू द्या आणि मिनिटभर खळखळू द्या. सिस्ट मरते.

२०. तुमच्याकडे विष्ठेतली आयजीए मोजून मिळेल का?

नाही. लेक्टिनविरुद्धची आयजीए मोजणं हे संशोधनापुरतं आहे. आमच्याकडे होतं ते साधं काम, आणि त्यासाठी नमुना ताजा हवा. पातळ, आव असलेला भाग स्वच्छ कोरड्या डबीत घ्या, त्यात लघवी मिसळू देऊ नका, फ्रीजमध्ये ठेवू नका आणि अर्ध्या तासात आणा. गार पडलेला अमीबा हालचाल थांबवतो, आणि मग काचेवर तो नुसत्या पेशीसारखा दिसतो. सकाळी आठला शटर उघडतं. तासगावहून येणार असाल तर डबी घरून भरून आणू नका, इथेच मागच्या बाजूला सोय आहे.